एकतारीची तार

आमच्या भजनी मंडळात माझे आबाजी एकतारी वाजवतात. एकतारीला खाली वाळवलेला कडू भोपळा असतो, त्यात बांबूची दांडी बसवतात आणि दांडीच्या वरच्या टोकाला खुंटी असते. तार भोपळ्याच्या बुडाशी अडकवतात. तिथून ती घोडीवर टेकून खुंटीपर्यंत जाते. घोडी म्हणजे लाकडाचा लहानसा तुकडा.

गेल्या कार्तिकात काकड्याला पहाटे ऐन भजनात तार तुटली. दुकान वाशीमला, आणि एस.टी. आठ वाजता! एका काकांनी सायकलच्या ब्रेकची तार आणली. ती तार पुष्कळ बारीक तारा पिळून केलेली असते. सूर निघेना, नुसती थडथड. आबाजी म्हणाले, "बाप्पा, हे तार ढोरं बांधाच्या कामाची हाय!" त्या दिवशी टाळावरच भजन झाले.

वाद्याची तार एकसंध असते, पोलादाची किंवा पितळेची. तंबोऱ्याला चार तारा असतात. त्यात खर्जाची तार पितळेची असते. (हे तंबोरे सांगली जिल्ह्यात मिरजेला बनवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.) आमच्या एकतारीला पोलादाची तार आहे. दुकानात तार नंबरावर मिळते. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. मला हे उलटेच वाटते, पण तसेच आहे. म्हणून तुटलेल्या तारेचा तुकडा सोबत न्यावा.

तार बसवताना आधी बुडाशी फास अडकवावा. मग वरचे टोक खुंटीच्या भोकात घालून वेढे द्यावेत. वेढ्यावर वेढा चढू देऊ नये. खुंटी हळूहळू पिळावी आणि तोंड दूर ठेवावे, कारण तार तुटली तर डोळ्याला लागते. खुंटी घसरत असेल तर तिला खडू लावतात. आपल्या फळ्याचाच खडू चालतो! नवी तार दोन-तीन दिवस ताणत राहते आणि सूर उतरतो. म्हणून ती कार्यक्रमाच्या दिवशी बसवू नये, आधीच बसवावी.

आबाजींचा आवाज खालचा आहे, म्हणून त्यांना जाड तार लागते. बायांच्या मंडळाचा सूर उंच असतो. त्यांनाही हीच एकतारी न्यावी लागते. मग खुंटी खूप पिळावी लागते, त्याने दांडी वाकते नाहीतर तार तुटते. आजी म्हणते, बायांना बारीक तारेची वेगळी एकतारी पाहिजे. माझेही तेच मत आहे. वर्गणी अजून पुरी जमली नाही, पालकांनी लक्ष द्यावे.

– इयत्ता ४ थी