काळा प्लग, कोरडी टाकी

जुनी गाडी पेट्रोल पिते म्हणून लगेच भंगारवाल्याला फोन लावताय? थांबा, बॉस! आधी प्लगचा रंग बघा. आणि घरात कुणी हिशेबाची वही ठेवत असेल, तर तीही.

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी करत धाराशिव गाठायचं आणि रविवारी परत... महिन्यातून एकदाचा हा माझा ठरलेला फंडा. मागच्या हिवाळ्यात असाच शनिवारी सकाळी डोळे चोळत अंगणात आलो, तर पप्पांची मारुती ८०० सुरू होती आणि अंगणभर पेट्रोलचा वास. दोन मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले. सायलेन्सरच्या तोंडाला बोट लावलं, तर बोटावर काजळ. एकदम कोरडं, काळंकुट्ट.

ही गाडी आमच्याकडे १९९७ च्या दसऱ्याला आली. नंबर अर्थातच एमएच २५. पप्पा तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे आणि गल्लीतली ती दुसरी कार होती. आज पप्पा रिटायर आहेत आणि आठवड्यातून चार दिवस तेरजवळच्या शेतावर जातात. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. गाडी पूर्वी लिटरला सतरा द्यायची, आता अकरा. पेट्रोल शंभरीपार आहे, म्हणजे एका फेरीला सव्वाशे-दीडशे रुपयांचा फटका. महिन्याचे दोन हजारांच्या वर. पेन्शनीतून!

घरात त्यामुळे दोन पार्ट्या पडलेल्या. दाजींचं म्हणणं, ‘भंगारात द्या, सुटा.’ माझंही मत तेच होतं, फक्त मी ते गोड शब्दांत सांगत होतो... ‘पप्पा, ऑटोमॅटिक घेऊ ना, ईएमआय मी भरतो.’ त्यात २०२७ मध्ये रजिस्ट्रेशन पुन्हा रिन्यू करायचंय. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी सहाशेवरून एकदम पाच हजार झाली होती, तेव्हाच आईने कपाळाला हात लावलेला. पप्पा मात्र एकाच वाक्यावर ठाम. ‘गाडीला काय झालं न्हाई. पेट्रोलच तसलं यायलंय.’

तसलं म्हणजे इथेनॉलवालं. गंमत बघा, आमच्याच जिल्ह्यात ऊस पिकतो, साखर कारखान्यांची धुराडी दिसतात आणि इथेनॉलला सगळ्यात जास्त शिव्याही आमच्याच पारावर पडतात!

इथेनॉल दोषी, पण अर्धंच

आता थोडा सायन्सचा तास. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त झालं की मिक्स्चर ‘रिच’. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘ओव्हर’ होते. न जळलेल्या पेट्रोलची काजळी धरते, काळा धूर येतो, आयडलिंगला गाडी हुंदके देते आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करताना सेल्फ मारत बसावं लागतं.

इथेनॉलला मात्र किलोमागे नऊच किलो हवा पुरते, कारण त्यात ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे जुन्या कार्ब्युरेटरमधून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल गेलं, तर मिक्स्चर रिच नाही, उलट थोडं ‘लीन’ होतं. तेव्हा काळ्या धुराचं बिल इथेनॉलवर फाडता येत नाही. मायलेजचं थोडं फाडता येतं, कारण लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरलेली आहे. सतराचे सात टक्के काढा... सव्वासुद्धा होत नाही. सतरा वजा अकरा सहा. उरलेलं पावणेपाच कोण पितंय?

तीन प्लग, एक साक्ष

आमचे मिस्त्री हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. कॉम्प्युटर नाही, स्कॅनर नाही. त्यांनी आधी इंजिनाला हातच लावला नाही. टायरमधली हवा बघितली, मग गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवली. ब्रेक चिकटून राहिला, तर इंजिन बिचारं निष्पाप असून शिव्या खातं. टाकीपासून पाइपला कुठे गळती आहे का, तेही पाहिलं. सगळं ओके.

मग प्लग. ८०० च्या इंजिनात तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. टोकाचा रंग चहाच्या बिस्किटासारखा असेल तर झकास. पांढुरका म्हणजे लीन. तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, खर्च मोठा. आणि कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. तिन्हींपैकी एकच काळा निघाला असता, तर तो प्लग, त्याची वायर किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासायचं. आमचे तिन्ही सारखेच काळे. म्हणजे भानगड तिघांच्या सामाईक वाटेवर, एअर फिल्टर ते कार्ब्युरेटर यांच्या मध्येच कुठेतरी.

मी आगाऊपणा करून आदल्या दिवशी पीयूसी केंद्रावर धूर मोजून आणला होता. एवढ्या जुन्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के. आमचा आकडा सहाच्या वर. ही मला आवडलेली टेस्ट! किरकोळ पैशांत मिक्स्चरचा रिपोर्ट हातात, आणि आपण मात्र पीयूसीकडे फक्त दंड टाळायची चिठ्ठी म्हणून बघतो.

एअर फिल्टर काढला, तर शेताकडच्या मातीने पार गच्च. इंजिनाला श्वासच घेता येत नव्हता. पण एवढ्याने सहा किलोमीटर जात नाहीत, असं मिस्त्री म्हणाले. त्यांनी इंजिन चालवून गरम केलं, डॅशबोर्डवरचा चोकचा खटका पूर्ण आत ढकलला, आणि मला कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकवायला लावलं. चोकची पत्री अशा वेळी उभी, सरळ पाहिजे. आमची तिरकी लटकलेली. खटका आत, पत्री अर्धवट बंद! केबल गंजून अडकली होती.

(मोठ्या शहरातल्या तरुण वाचकांसाठी : चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवून पेट्रोल वाढवायची सोय. तुमच्या गाडीत हे काम कॉम्प्युटर करतो, म्हणून तुम्हाला माहीत नाही. असो.)

वहीने केला घोटाळा उघड

मला वाटलं, संपली केस. मिस्त्री मात्र पप्पांकडे वळले. ‘सर, केबल गंजायला चोक कायम अर्धा ओढलेला पाहिजे. गाडी कधी तापली होती का?’

‘न्हाई.’

एवढंच. पण पप्पांची एक वही आहे. १९९७ पासून प्रत्येक वेळी टाकी फुल्ल केली की तारीख, किलोमीटर, लिटर आणि शेवटी भागाकार. लाल शाईत. मी ती गाडीच्या कप्प्यातून काढली. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलपर्यंत साडेसोळा, सतरा, पुन्हा साडेसोळा. आणि मग एक ओळ : ‘तुळजापूर घाट. गाडी तापली. काम केले.’ त्या हिवाळ्यात पंधरा. मग तेरा. मग अकरा.

पुढचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. घाटात तापली ती रेडिएटरचा पंखा फिरला नाही म्हणून. तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी गॅरेजवाल्याने पंख्याचा स्विच बघायचं सोडून थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. आपल्याकडे हा उपाय फार लाडका... ‘ऊन लई आहे, व्हॉल्व्ह कशाला पाहिजे?’ पण इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणं हेच थर्मोस्टॅटचं काम. तो गेल्यावर बालाघाटातल्या थंडीत सकाळी इंजिन गरमच होईना. टेम्परेचरचा काटा तळाशी पडून. थंड इंजिन अडखळतं म्हणून पप्पा चोक थोडा ओढून ठेवायचे. शेतापर्यंत. दोन वर्षं.

‘सांगितलं का नाही?’ मी विचारलं.

‘सांगितलं असतं तर तू गाडी विकली असतीस.’

मी गप्पच बसलो. कारण विकली असती.

काम किती, खर्च किती

नवा थर्मोस्टॅट, नवी चोक केबल, नवा एअर फिल्टर, प्लग, पंख्याचा स्विच. इंजिन ऑइलही बदललं, कारण डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि मग इंजिनच झिजतं. मायलेजपेक्षा हा धोका मोठा.

एवढं करून पुढची टाकी आली साडेचौदावर. मिस्त्रींनी मग कार्ब्युरेटर उघडला. आतला फ्लोट म्हणजे आपल्या पाण्याच्या टाकीतला फुगा, आणि त्याची सुई पेट्रोल बंद करणारा कॉक. सुई झिजून नीट बसत नव्हती, त्यामुळे पातळी कायम वर. किट टाकलं, पातळी जुळवली, आणि मिक्स्चरचा स्क्रू शेवटी, कानाने. हा क्रम महत्त्वाचा. बाकीचं न बघता कुणी थेट स्क्रू पिळायला किंवा ‘लहान जेट टाकू’ म्हणायला लागला, तर गाडी घेऊन निघा. सगळा खर्च चार हजारांच्या आत.

तुमची जुनी गाडी एमपीएफआय असेल (८०० लाही ते २००० च्या सुमारास आलं), तर चोकच्या जागी संशयित बदलतात. आधी पाण्याच्या टेम्परेचरचा सेन्सर. तो बिघडून ‘इंजिन थंड आहे’ असंच सांगत राहिला की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो... थोडक्यात, आमचे पप्पाच! मग ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर, फ्युएल प्रेशर. २०१३ नंतरच्या गाड्यांना स्वस्तातला स्कॅनरही चालतो. थर्मोस्टॅट मात्र तिथेही बघाच. आणि बंद शटरच्या पार्किंगमध्ये अशी गाडी चालू ठेवून तपासणी करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पीयूसीचा आकडा आता दीडच्या खाली आलाय. गेल्या महिन्यात पप्पांनी वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. लाल शाईत १५.९. खाली पेन्सिलीने इथेनॉलचे सात टक्के वजा करून दाखवलेले, आणि दाजींना टॅग करायचं कसं, असा प्रश्न.