सामरीची दहशत

हिंदी चित्रपटांच्या वितरणात वाशिमचा भाग ‘सीपी-बेरार’ विभागात मोडतो. या विभागातल्या छोट्या गावांना धंद्याच्या भाषेत ‘सी सेंटर’ म्हणतात. रामसे बंधूंच्या भयपटांना आधार दिला तो अशाच गावांनी. मुंबईच्या समीक्षकांनी नाकं मुरडली, तरी इथला प्रेक्षक तिकीट काढत राहिला. चारचौघांत मात्र हे कबूल करायची चोरी!

फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेल्या फत्तेचंद रामसे यांचं रेडिओचं दुकान होतं. चित्रपटाचं वेड त्यांना महागात पडलं. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ सपशेल पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरीला निघतात, तेव्हा प्रेक्षक दचकतात, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी हेरलं. मग १९७२ मध्ये ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ आला. चित्रीकरणासाठी महाबळेश्वरला सगळं कुटुंबच मुक्कामाला गेलं. दिग्दर्शन तुलसी-श्याम यांचं, कॅमेरा त्यांचा भाऊ गंगूकडे, आवाज दुसरा भाऊ किरणकडे. बाहेरचे तंत्रज्ञ परवडणारेच नव्हते.

कळस गाठला तो १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ने. सामरी या सैतानाचं मुंडकं पेटीत बंद, धड मंदिरामागे पुरलेलं आणि राजघराण्याला शाप: घरातली बाई बाळंतपणात मरणार. हा सामरी साकारला अनिरुद्ध अग्रवाल यांनी, रुडकीत शिकलेल्या सिव्हिल इंजिनिअरने. त्यांची उंची आणि चेहराच निम्मं काम करून जातो. मध्येच विनोदी नट जगदीप ‘शोले’ची नक्कल करतात; ती जरा लांबतेच. पण लाल-हिरवा प्रकाश, धूर, करकरणारं दार आणि पुन्हा सामरी! युक्ती दिसत असूनही अंगावर काटा येतो. गरिबीतून काढलेली ही कारागिरी आहे आणि तिच्यात खरी मजा आहे.

पुढे ‘वीराना’ (१९८८) आणि ‘बंद दरवाज़ा’ (१९९०) आले. १९९३ मध्ये टीव्हीवर रामसेंचा ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि ही भुतं घरात शिरली.

तुलसी २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये. त्यांचे चित्रपट चोरून पाहण्याचं आता काही कारण उरलेलं नाही. ज्यांनी एकही पाहिला नसेल, त्यांनी ‘पुराना मंदिर’पासून सुरुवात करावी, तीही रात्रीच.