जुना चित्रपट घरी येतो तेव्हा

१९८० नंतरची ती वर्षे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. गणेशोत्सवात, नाहीतर कुणाच्या घरच्या कार्यात, गावात ‘व्हिडिओ’ यायचा. वर्गणी काढायची, तालुक्याहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, आणि देवळापुढच्या पटांगणात रात्रभर एकामागून एक चित्रपट बघायचे. कॅसेट आत सरकवली की झाले! पण तो चित्रपट त्या कॅसेटवर यायला कुणाकुणाची परवानगी लागते, हा विचार तेव्हा मनात येण्याचे कारणच नव्हते. आज तोच विचार थोडा करू. उदाहरण अमेरिकेतले घेऊ, आणि त्याचा आपल्या गावाशी काय संबंध, ते शेवटी पाहू.

१९७३ साली तिकडे ‘अमेरिकन ग्राफिटी’ नावाचा एक विनोदी चित्रपट निघाला. दिग्दर्शक जॉर्ज ल्युकास. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो या गावात ते लहानाचे मोठे झाले, आणि गोष्टही त्याच गावची, १९६२ सालच्या एका रात्रीची. शाळा नुकतीच संपलेली काही मुले. दोघांनी सकाळी कॉलेजसाठी गाव सोडायचे ठरवलेले. मग काय, शेवटची रात्र म्हणून सगळे मोटारी घेऊन रस्त्यांवर फिरत राहतात. एकजण मित्राची मोटार ऐटीत मिरवतो आणि ती चोरीला जाते. दुसऱ्याच्या गाडीत एक लहानगी मुलगी येऊन बसते, ती काही उतरायलाच तयार नाही! सकाळी मात्र दोघांपैकी एकच गाव सोडतो. हसता हसता मनाला चटका लावणारी अशी ही कथा आहे.

या चित्रपटाची खरी गंमत रेडिओत आहे. साऱ्या मोटारींत एकच रेडिओ केंद्र लागलेले असते, आणि त्यावरची गाणी रात्रभर गावात घुमत असतात. चित्रपटासाठी वेगळे पार्श्वसंगीत केलेलेच नाही. जुन्या लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांतली चाळीसएक गाणी वापरली आहेत. ती काढून टाकली, तर चित्रपटाचा प्राणच गेला म्हणायचा.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. गाण्यात मुख्यतः दोन प्रकारचे हक्क असतात. एक शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या गाण्याच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. चित्रपटात एखादी जुनी ध्वनिमुद्रिका वाजवायची, तर दोन्हींची परवानगी लागते. ही परवानगी लेखी असते, आणि कशासाठी दिली ते त्यात लिहिलेले असते. १९७३ साली घरोघरी व्हिडिओ नव्हता. चित्रपट थिएटरात दाखवायचा, फार तर पुढे टीव्हीवर, एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असायचे.

पुढे काळ बदलला. सोनी कंपनीचे बीटामॅक्स १९७५ साली आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ साली बाजारात आले. १९८० साली ‘अमेरिकन ग्राफिटी’ही कॅसेटवर निघाला. झाले, वादाला तोंड फुटले! त्यातल्या चार गाण्यांचे ध्वनिमुद्रण ज्या कंपनीकडे होते, तिचे हक्क पुढे प्लॅटिनम रेकॉर्ड या कंपनीकडे गेले होते. तिचे म्हणणे असे, की परवानगी दिली ती चित्रपटासाठी. घरी विकायच्या कॅसेटसाठी नव्हे. प्रकरण न्यू जर्सीतल्या संघराज्य न्यायालयात गेले.

१९८३ साली निकाल लागला, तो चित्रपटाच्या बाजूने. का? तर १९७३ च्या करारात असे शब्द होते, की हा चित्रपट आज माहीत असलेल्या किंवा पुढे माहीत होणाऱ्या कोणत्याही रीतीने दाखवता आणि विकता येईल. त्या ‘पुढे माहीत होणाऱ्या’ एवढ्या शब्दांत कॅसेटही बसली. ती चार गाणी चित्रपटात कायम राहिली.

याच्या उलट दुसरे प्रकरण पाहा. १९६९ च्या ‘मीडियम कूल’ या चित्रपटातल्या एका गाण्याची परवानगी थिएटर आणि टीव्ही यांच्यापुरती होती. पुढच्या शोधांबद्दल त्यात अक्षर नव्हते. कॅसेट निघाल्यावर गाण्याचा हक्कदार न्यायालयात गेला, आणि १९८८ साली अपील न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. टीव्हीवर काय लागावे हे दुसरा कुणी ठरवतो. कॅसेट केव्हा, कितीदा पाहायची हे घरचा माणूस ठरवतो. तेव्हा दोन्ही गोष्टी एक नव्हेत, असे न्यायालयाने म्हटले. अशाच अडचणींमुळे काही जुने चित्रपट घरी आले ते गाणी बदलून, आणि काही कित्येक वर्षे आलेच नाहीत.

आता कुणी विचारील, यात न्याय कुठला? प्रेक्षक म्हणेल, चित्रपट होता तसा मिळाला पाहिजे. गायक म्हणेल, माझ्या गाण्यावर नवा धंदा उभा राहिला, त्यात माझा वाटा कुठे? दोघांचेही खरेच आहे. म्हणून तर कागदावर काय लिहिले आहे, याला इतके महत्त्व.

आणि इथेच ही गोष्ट आपल्या गावात येते. आपल्याकडे शाहीर आहेत, भजनी मंडळे आहेत, नाटकाच्या संहिता आणि बालगीते लिहिणारे शिक्षक आहेत. कॅसेटच्या काळात कित्येकांनी न वाचता सह्या केल्या. आज कॅसेट गेली, पण तेच गाणे मोबाइलवर वाजते आहे. आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. २०१२ साली त्यात एक मोलाची सुधारणा झाली. हक्क सोपवताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात नेमका उल्लेख असल्याशिवाय ते माध्यम त्या करारात येत नाही. म्हणजे न्यू जर्सीत जे व्यापक शब्द पुरले, तेवढ्यावर इथे भागेलच असे नाही. शिवाय मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरतात; प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारत धरतात.

तेव्हा सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात: कोणते माध्यम, किती वर्षे, कोणता प्रदेश, आणि मोबदला कसा. गुरुजींनी वर्गात मुलांना एखादा साधा करारनामा वाचायला द्यावा, आणि या चार गोष्टी शोधून काढायला सांगाव्यात. जमिनीचे खरेदीखत करताना आपण चतुःसीमा वाचून घेतो ना? मग गळ्यातले गाणे काय जमिनीपेक्षा कमी मोलाचे आहे?