गोठवणाऱ्या थंडीतील विजेची मोटार

युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वे हा देश आहे. हिवाळ्यात त्याच्या उत्तरेकडील अंतर्भागात तापमान कधी कधी शून्याखाली ३० अंश सेल्सिअसपेक्षाही खाली उतरते. अशा या देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ मोटारी पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. या वाढीमागे सरकारी करसवलतींचा मोठा वाटा आहे. परंतु केवळ सवलत मिळते म्हणून निर्जन रस्त्यावर बर्फात अडकून पडण्याचा धोका कोणी पत्करणार नाही. मग थंडीत विजेच्या मोटारीचे नेमके काय होते आणि तेथील लोक त्यातून मार्ग कसा काढतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

विजेच्या मोटारीत बहुधा लिथियम-आयन बॅटरी असते. बॅटरीच्या दोन अग्रांमध्ये एक द्रव असतो. त्यातून लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ये-जा करतात आणि त्यामुळे वीज मिळते. हिवाळ्यात बाटलीतील खोबरेल तेल थिजते, हे आपण पाहतो. बॅटरीतील द्रव तसा थिजत नाही. मात्र तो दाट होतो आणि आयनांची हालचाल मंदावते. त्यामुळे बॅटरीतील सगळी ऊर्जा सहजपणे वापरता येत नाही. ही ऊर्जा नाहीशी झालेली नसते. बॅटरी उबदार होताच ती पुन्हा वापरता येते.

दुसरे कारण मोटारीच्या आतील उबेशी निगडित आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. थंडीत हीच उष्णता प्रवाशांच्या उपयोगी पडते. विजेच्या मोटारीचे यंत्र मात्र मिळालेल्या ऊर्जेचा सुमारे नऊ दशांश भाग गतीसाठी वापरते. वाया जाणारी उष्णता थोडी असल्यामुळे ऊब निर्माण करण्यासाठीही बॅटरीतीलच वीज खर्च करावी लागते. नॉर्वेतील वाहनधारकांच्या संघटनेने २०२० च्या हिवाळ्यात वीस विद्युत मोटारींची चाचणी घेतली. तेव्हा एका चार्जिंगमध्ये कापलेले अंतर, कंपन्यांनी दिलेल्या अधिकृत आकड्यापेक्षा सरासरी सुमारे साडेअठरा टक्क्यांनी कमी भरले.

तिसरी अडचण चार्जिंगची आहे. अतिथंड बॅटरीत वेगाने वीज भरली, तर लिथियम धातूचा थर आत साचून बॅटरीची कायमची हानी होऊ शकते. ती टाळण्यासाठी मोटारीतील नियंत्रण यंत्रणा विजेचा प्रवाह आपोआप कमी करते आणि चार्जिंगला अधिक वेळ लागतो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात कडाक्याची थंडी पडली, तेव्हा चार्जिंग केंद्रांवर लांब रांगा लागल्या आणि काही मोटारी तेथेच बंद पडल्या.

नॉर्वेतील बहुसंख्य चालक रात्री घरीच मोटार चार्ज करतात. निघण्यापूर्वी, चार्जिंगची तार जोडलेली असतानाच, ते मोटार आणि बॅटरी उबदार करून घेतात. त्यामुळे ही ऊब घरातील विजेतून मिळते. अनेक मोटारींत उष्णता-पंप असतो. शीतकपाट जसे आतील उष्णता बाहेर टाकते, तसा हा पंप बाहेरच्या थंड हवेतील उष्णता आत आणतो आणि विजेची बचत करतो. तापमान फारच उतरले, तर मात्र त्याचा उपयोग कमी होतो. सगळी हवा तापवण्याऐवजी फक्त आसन तापवले, तरी वीज कमी लागते. शिवाय शहाणा चालक बॅटरी अगदी रिकामी होईपर्यंत थांबत नाही आणि जाड कपडे व पांघरूण जवळ ठेवतो.

बर्फात अडकून पडल्यास काय, हा प्रश्न जिवाशी संबंधित आहे. घरच्या वीजबिलात ज्याला आपण एक युनिट म्हणतो, त्याच मापाने बॅटरीची क्षमता मोजता येते. बॅटरीत ६० युनिट वीज असेल आणि ऊब राखण्यासाठी तासाला दोन युनिट लागत असतील, तर ती ३० तास पुरेल. मात्र १० युनिटच उरले असतील, तर पाचच तास हाती राहतात. पेट्रोलच्या मोटारीत आणखी एक संकट असते. धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने बुजली आणि इंजिन चालूच राहिले, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरून प्राण जाऊ शकतात. विजेच्या मोटारीला असा धूर नसतो.

थंडी कोणत्याच वाहनाला सवलत देत नाही. डिझेलही गोठू लागते. म्हणूनच २०१९ साली आपल्या लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणावे लागले. विजेच्या मोटारीची गरज तेवढी वेगळी आहे. किती अंतर जायचे, वाटेत वीज कोठे मिळेल आणि बॅटरीत किती शिल्लक ठेवायची, याचा हिशेब प्रवासाला निघण्यापूर्वीच करावा लागतो. हा हिशेब ज्याने केला, त्याचा हिवाळ्यातील प्रवास थोडा लांबेल; पण तो सुरक्षितपणे पार पडण्याची शक्यता कितीतरी वाढेल.