कार्ब्युरेटरमधील फ्लोटची पातळी
कार्ब्युरेटरच्या फ्लोट-कक्षात पेट्रोल किती उंचीपर्यंत साठावे, हे फ्लोटच्या पातळीवरून ठरते. पेट्रोल चढले की फ्लोट उचलला जातो आणि त्याची तरफ नीडल व्हॉल्व्ह बंद करते.

एमजीबी या ब्रिटिश मोटारीत १९६२ पासून काही वर्षे एसयू बनावटीचे एचएस४ जातीचे दोन कार्ब्युरेटर बसवत. त्यांत कक्ष व जेट नळीने जोडलेले असल्याने दोहोंतील पेट्रोल समान उंचीवर राहते. पातळी खाली गेल्यास मिश्रण विरळ होते. वर गेल्यास पेट्रोल ओसंडते. या इंजिनात कार्ब्युरेटर व एक्झॉस्ट एकाच बाजूस असल्याने ओसंडणे आगीच्या दृष्टीने अधिक धोक्याचे.

जुळणी करताना झाकण उलटे धरतात. फ्लोटच्या केवळ स्वतःच्या वजनाने व्हॉल्व्ह बंद झालेला असताना तरफ व झाकणाची कड यांत ३.२ ते ४.८ मिमी अंतर हवे. ते ड्रिलच्या दांड्याने सहज मोजता येते. फरक आढळल्यास पोलादी तरफ किंचित वाकवतात. मात्र झिजलेली नीडल किंवा आत पेट्रोल शिरून जड झालेला फ्लोट आधी बदलावा, अन्यथा ही मोजणी व्यर्थ ठरते. संपूर्ण प्लास्टिकच्या फ्लोटची तरफ वाकवता येत नाही.