विश्लेषण : कूलंट सारखे कमी होतेय? दोष झाकणाचा की गळतीचा, कसे ओळखाल?

घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो, गाडी बाजूला घेतली जाते, बाटलीभर पाणी ओतले की प्रवास पुन्हा सुरू. अनेक चालकांचा हा नेहमीचा उपाय. मात्र इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते. त्यात वारंवार भर घालावी लागत असेल, तर कुठे तरी गळती आहे किंवा रेडिएटरचे झाकण दाब धरत नाही. दुर्लक्ष केल्यास इंजिनाचे हेड वाकण्यापर्यंत वेळ येते.

झाकणाचे काम काय?

तत्त्व कुकरचेच. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, ०.९ बारच्या झाकणाखाली ते सुमारे ११९ अंशांपर्यंत तग धरते. कूलंट मिसळल्यास ही मर्यादा आणखी वाढते. झाकणात दोन झडपा असतात. दाब मर्यादेपलीकडे गेला की एक उघडते आणि जादा कूलंट बाजूच्या बाटलीत जाते. इंजिन थंड झाले की दुसरी उघडते आणि ते परत ओढले जाते.

झाकण बिघडल्याची लक्षणे कोणती?

स्प्रिंग सैल झाली किंवा रबर चिरले तर बाटली भरून वाहते. थंड झाल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप चपटा झालेला दिसला, तर परतीची झडप अडकल्याची शक्यता असते.

नवे झाकण कसे निवडावे?

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या दाबाचेच झाकण घ्यावे. जास्त दाबाचे झाकण अधिक चांगले, हा गैरसमज आहे. त्याने जुने पाइप आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्यांवर ताण येतो. कमी दाबाच्या झाकणाने कूलंट लवकर उकळते. तोंडाचा व्यास आणि खोलीही जुळायला हवी. अनेक नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते. दाब धरणारे झाकण कूलंटच्या टाकीवर असते.

गळती कशी शोधावी?

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी डाग दिसला तर ते कूलंट. स्वच्छ, बिनवासाचे पाणी बहुधा एसीचे. पाइपांचे जोड, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाखाली वाळलेले पांढरे-हिरवे थर पाहावेत. गाडीत गोडसर वास, ओले कार्पेट आणि काचेवर चिकट धुके असेल तर संशय हीटरच्या आतील छोट्या रेडिएटरवर.

तरीही जागा सापडली नाही तर गॅरेजमध्ये दाबाची चाचणी करून घ्यावी. थंड इंजिनात हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब भरतात. काही मिनिटांत काटा खाली आला तर गळती पक्की. त्याच पंपावर झाकणही तपासता येते. बाहेर थेंबही नाही, पण काटा उतरतो, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ झाले आहे, अशा वेळी हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. अशी गाडी चालवू नये.

कोणती काळजी घ्यावी?

गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच कूलंट उकळून उसळते आणि चेहरा, हात भाजतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर जाड फडके धरून झाकण सावकाश फिरवावे. भर घालताना माहितीपुस्तिकेतील प्रकारचेच कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरावे. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, पण विषारी असते. त्यामुळे सांडलेले कूलंट लगेच पुसावे आणि डबा मुले, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावा.