तळवा सपाट? आधी चवड्यांवर उभे राहा!

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे भरतीचं वेड इथं घरोघरी. या दलाच्या मैदानी चाचणीत ५ किलोमीटर धावायचं असतं. सराव रंगात आला की कुणीतरी पुडी सोडतंच, "तुझे पाय सपाट आहेत, मेडिकलला बाद होशील!" घाबरण्याआधी हे वाचा.

फरशी खोटं बोलत नाही. ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवा. ठशाच्या आतल्या बाजूला कोरडी जागा सुटली तर कमान आहे. अख्खा तळवा उमटला तर पाय सपाट.

जन्मतः सगळेच सपाट! तान्ह्या बाळाच्या तळव्यात चरबीची गादी असते. बहुतेकांची कमान दहाव्या वर्षापर्यंत आकार घेते. काहींची घेतच नाही आणि तरी काही बिघडत नाही.

कळ अंगठ्यात आहे. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसली, तर पाय लवचीक. अंगठा वर वळला की तळव्याखालचा जाड पट्टा रहाटाच्या दोरासारखा गुंडाळला जातो आणि कमान उचलली जाते. हे गणित हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडलं. सैन्यातल्या अधिकारी भरतीचे वैद्यकीय निकषही हेच बघतात: चवड्यांवर कमान परत येते का, पाय लवचीक आहे का, दुखत तर नाही ना.

अनवाणी पोरं पुढे. राव आणि जोसेफ यांनी दक्षिण भारतातली २,३०० मुलं तपासली. १९९२ मध्ये छापलेला निष्कर्ष असा: पायताण घालणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. म्हणून काही तुरीच्या धसकटांतून अनवाणी हिंडू नका. घरात, अंगणात चाललात तरी पुरे.

दिसत नाही असा व्यायाम. बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढा, पाच अंक मोजा, सोडा. बाहेरून काही हललेलं दिसत नाही, पण तळव्याचे बारीक स्नायू कामाला लागतात. जोडीला भिंतीला हात टेकून पोटरी ताणा. मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला. टाचा उचलणं आलंच.

कमान उगवेलच असं नाही. व्यायामानं दुखणं कमी होतं, दम टिकतो. बुटातली गादीही आधार देते, पण कायमची कमान घडवत नाही.

इथं मात्र टाळाटाळ नको. चवड्यांवरही कमान येत नाही, एकच पाय सपाट आहे, घोटा वारंवार मुरगळतो? ८ ते १६ या वयात असं झालं, तर पायातली दोन हाडं जन्मतः जुळलेली असू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा १८ वर्षांपर्यंतच्या कुणालाही पाय दाखवता येतो. भरतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आठवी-नववीतच दाखवा.